फाशांना झापून बघा

गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंग लाइनवर सुपरवायझर असलेला माझा एक मित्र छातीठोकपणे सांगतो, "कौतुक केलं की पोरं दुसऱ्या दिवशी घसरतात, झापलं की सुधारतात. वीस वर्षांचा अनुभव आहे!" अनुभव खरा आहे, अनुमान चुकीचं.

इस्रायली हवाई दलाच्या प्रशिक्षकांनी मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान यांना अगदी हेच ऐकवलं होतं. कानेमान यांना त्यात ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये माणसांच्या उंचीवरून मांडलेली गोष्ट दिसली: सरासरीकडे परतणं, म्हणजे टोकाच्या आकड्यानंतरचा आकडा बहुधा सरासरीच्या जवळ येणं.

दोन फासे घ्या. बेरीज १२ आली की शाबासकी द्या, २ आली की झापा. १२ नंतरची फेक कमी पडण्याची शक्यता ३६ पैकी ३५. २ नंतरची फेक वाढण्याचीही तेवढीच. फाशांना कान नाहीत, तरी ते 'सुधारतात'.

माणसाच्या कामात कौशल्य असतं, तसा योगायोगही. मशीन अडकलं नाही, माल वेळेवर आला, झोप नीट झाली. कौशल्य उद्याही सोबत येतं, योगायोग येईलच असं नाही. लाइनची सरासरी दिवसाला १०० पेट्या आणि आजच्या-उद्याच्या आकड्यांतला सहसंबंध (आजच्या आकड्यावरून उद्याचा किती सांगता येतो, त्याचं माप) ०.४ धरा. आज १३० निघाल्या तर उद्याचा अंदाज १०० + ०.४ × ३० = ११२. आज ७० निघाल्या तर उद्या ८८. सहसंबंध शून्य म्हणजे निव्वळ फासे. एक असेल, तर आज जेवढं तेवढंच उद्या. आपण सगळे मधे कुठेतरी.

(मूल पहिलं आलं, पुढच्या परीक्षेत घसरलं, की आपल्याकडे मीठ-मिरच्या ओवाळून दिष्ट काढतात. तीही हीच सरासरी.)

मग फीडबॅक निरुपयोगी? नाही. क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरच्या जुन्या प्रयोगांतले ६०७ निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरीने कामगिरी सुधारली होती, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा उलट खालावली. त्यांच्या मते शेरा कामावरून माणसावर सरकला, की लक्षही कामावरून उडून 'माझ्याबद्दल काय म्हणतात' याकडे जातं. "लेबल तिरकं बसतंय, रोलर बघ" आणि "तुझं लक्षच नसतं" यांतला फरक एवढाच, आणि एवढा मोठा.

संशोधक एमी एडमंडसन यांना रुग्णालयांत तर उफराटंच आढळलं: चांगल्या पथकांत औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या. तिथे चूक बोलून दाखवायची भीती नव्हती. झापणाऱ्याच्या लाइनवर चुका कमी दिसतात, त्या बहुधा पेट्यांत बंद होऊन ट्रकमध्ये चढलेल्या असतात.

हे सगळं मित्राला सांगितलं. गेल्या आठवड्यात लाइन घसरली, तेव्हा तो गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी आकडा वर आला.

"बघ," तो म्हणाला, "गप्प बसलं की सुधारतात!"