गर्भजलाधिक्य

गर्भजलाधिक्य : गर्भाशयात गर्भाभोवती असणारे पाणी त्या महिन्याच्या मानाने प्रमाणाबाहेर वाढण्याची अवस्था. वैद्यकात तिला पॉलिहायड्रॅम्निऑस किंवा नुसते हायड्रॅम्निऑस म्हणतात. सोलापुरात डॉक्टर आपसांत 'लायकर वाढलंय' म्हणतात, तर घरी 'पोटात पाणी जास्त झालंय' असे सांगितले जाते. शंभर गर्भारपणांत एक-दोन वेळा ती आढळते. हा स्वतंत्र रोग नव्हे, लक्षण होय. म्हणून 'पाणी जास्त आहे' एवढ्यावर निदान पुरे होत नाही. ते कशाने वाढले आणि किती वाढले, हे बाईला व तिच्या घरच्यांना कळले पाहिजे.

संज्ञा : या पाण्याला मराठीत एकच ठाम नाव नाही. गर्भजल, गर्भोदक, उल्बोदक, उल्बद्रव असे पर्याय ग्रंथांत दिसतात. बोलीत मात्र पिशवीसकट सगळ्याला 'पाणमोट' म्हणतात. पाणमोटेतला 'मोट' विहिरीवरच्या चामडी मोटेचा, की 'मोट बांधणे' यातल्या गाठोड्याचा, याबद्दल दोन्ही तर्क करता येतात. भरलेली, ताणलेली आणि फुटताच ओघळणारी ही पिशवी पाहता पहिला अधिक पटतो. सोलापूरच्या पूर्वभागातील तेलुगुभाषक घरांत 'उम्मनीरु' हा शब्द चालतो.

'उल्ब' हा शब्द फार जुना. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात (१०.५१.१) अग्नी ज्या वेष्टनात गुंडाळून पाण्यात शिरला त्याला 'महत् उल्ब' म्हटले आहे. मराठी वाचकाला तो गीतेतून परिचित असतो : 'यथोल्बेनावृतो गर्भः' (३.३८). येथे शंकराचार्य उल्ब म्हणजे जरायू, गर्भाचे वेष्टन, असा अर्थ देतात. तो सर्वत्र लागू पडत नाही. छांदोग्य उपनिषदात (३.१९.२) विश्वाच्या अंड्याचे वर्णन करताना जरायू ते पर्वत, उल्ब ते मेघ व धुके, धमन्या त्या नद्या आणि 'वास्तेय उदक' तो समुद्र, अशी वाटणी आहे. म्हणजे तेथे जरायू आणि उल्ब निराळे असून पाणी तिसरेच आहे. जरायू हे बाहेरचे जाड आवरण व उल्ब हे आतले पातळ, असा भेद मानणे येथे सयुक्तिक वाटते. जनावरांच्या वारेला (गर्भाला नाळेने जोडलेल्या, त्याला पोसणाऱ्या अवयवाला) ग्रामीण भागात 'जार' म्हणतात, तो शब्द जरायूवरूनच आला असावा. 'वास्तेय' म्हणजे 'वस्ती'तले; वस्ती म्हणजे मूत्राशय. गर्भजल बहुतांशी गर्भाच्या मूत्राचेच बनते हे आज ठाऊक असल्याने या शब्दाचा मोह पडतो. पण उपनिषदकारांना ते शरीरव्यापार ठाऊक होते असा निष्कर्ष त्यावरून काढणे योग्य नव्हे. हायड्रॅम्निऑस या नावात दडलेल्या, गर्भाच्या आतल्या वेष्टनासाठीच्या ग्रीक 'अ‍ॅम्निऑन' शब्दाचीही गत अशीच आहे : होमरच्या काव्यात तो बळीचे रक्त धरण्याच्या भांड्यासाठी येतो, तर काही अभ्यासक त्याचा संबंध कोकराच्या नावाशी लावतात. या नोंदीत गर्भजल हाच शब्द वापरला आहे, कारण तो ऐकताच समजतो.

पाण्याची आवक-जावक : दहाव्या आठवड्याला गर्भजल सुमारे ३० मिलि. असते, सोळाव्याला सुमारे २००, आणि शेवटच्या तिमाहीच्या मध्यावर सुमारे ८०० मिलि. दिवस भरत येतात तसे ते थोडे उतरते. हे पाणी साचलेले नसते. पूर्ण दिवसांचा गर्भ रोज एक लिटरच्या आसपास लघवी करतो आणि अर्धा ते एक लिटर पाणी गिळतो. फुप्फुसांतूनही द्रव बाहेर येतो, काही पाणी वारेच्या पृष्ठभागावरून थेट गर्भाच्या रक्तात शोषले जाते. साधारण दिवसाकाठी सगळे पाणी फिरून नवे होते. म्हणून आधिक्याची मुख्य मुळे दोन : गर्भ जास्त लघवी करतो, किंवा गिळत नाही.

आईने किती पाणी प्यायले याचा या आधिक्याशी संबंध नाही. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, आणि 'पोटात पाणी जास्त आहे, तर पाणी कमी पी' असा सल्ला घरातून दिला गेला तर गर्भारणीला तो घातकच ठरेल. तहान मारून पाणमोटेतले पाणी उतरत नाही.

मापन : पूर्वी प्रसूतीच्या वेळी दोन लिटरहून अधिक पाणी निघाले तर आधिक्य म्हणत. तपासणीत टेपने मोजलेली पोटाची उंची महिन्याच्या मानाने जास्त भरते, बाळाचे अवयव हाताला लागत नाहीत. पोटाच्या मध्यरेषेवर दुसऱ्या कुणीतरी हाताची कड धरायची आणि एका बाजूने टिचकी मारायची. पलीकडच्या तळव्याला लाट जाणवली तर पाणी बरेच आहे असे समजते.

सोनोग्राफीने मोजण्याच्या दोन रीती आहेत. बाळाचे अवयव व नाळ मध्ये न येता सर्वांत खोल असा पाण्याचा कप्पा उभा मोजणे ही चेंबरलेन व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये रूढ केलेली रीत, ८ सेंमी. किंवा अधिक भरल्यास आधिक्य मानतात. दुसरी, फेलन व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये मांडलेली : पोटाचे चार भाग करून प्रत्येकातल्या खोल कप्प्याची बेरीज. रिपोर्टावर दिसणारा 'ए.एफ.आय.' (गर्भजल निर्देशांक) तो हाच. त्याची सीमा काही जण २४ सेंमी. धरतात, काही २५, त्यामुळे २४.५ लिहिलेला कागद एका दवाखान्यात आधिक्य ठरतो आणि दुसऱ्यात ठरत नाही. चार भागांच्या बेरजेने कमी पाण्याचे निदान गरजेपेक्षा जास्त वेळा होते व त्याचा बाळाला फायदा होत नाही, असे तुलनात्मक चाचण्यांत दिसले आहे. जास्त पाण्यासाठी दोन्ही रीती मान्य आहेत, तरी एकच कप्पा मोजणे सोपे आणि जुळ्यांतही उपयोगी पडणारे आहे. खोल कप्पा ८ ते ११ सेंमी. असल्यास सौम्य, १२ ते १५ मध्यम, १६ व त्यापुढे तीव्र अशी प्रतवारी करतात. सुमारे दोन-तृतीयांश बायकांत ते सौम्य असते.

कारणे : बहुतेकींत, विशेषतः सौम्य प्रकारात, शोधूनही कारण सापडत नाही. सापडणाऱ्यांत आईचा मधुमेह महत्त्वाचा. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, बाळाची साखर वाढली की त्याची लघवी वाढते. सरकारी तपासणीत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात, १४० मिग्रॅ. किंवा अधिक आल्यास गर्भारपणातला मधुमेह धरतात. आधी ही तपासणी नीट आली असली, तरी पाणी वाढल्यावर ती पुन्हा करून घ्यावी.

बाळाला गिळता न येणे हे दुसरे कारण : अन्ननलिका मध्येच बंद असणे, आतड्याचा पहिला भाग बंद असणे, मेंदूची घडण अपुरी असणे. येथे एक गोष्ट घरच्यांना सहसा सांगितली जात नाही. आतड्याचा अडथळा पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बहुधा दिसत नाही, कारण तोवर बाळ फारसे पाणी गिळत नसते. पुढे जठर व आतड्याचा आरंभ फुगून पडद्यावर शेजारी शेजारी दोन काळे बुडबुडे दिसतात. तेव्हा 'पाचव्या महिन्यात सगळं नॉर्मल होतं' हा कागद हाती असला, तरी पाणी वाढल्यावर बाळ पुन्हा बारकाईने पाहावे लागते. गर्भलिंगनिदानबंदीच्या कायद्याखाली भरल्या जाणाऱ्या 'एफ' फॉर्ममध्ये गर्भजलाचे मापन हे सोनोग्राफीचे मान्य कारण आहे, तेव्हा अशा फेरतपासणीला कायद्याची आडकाठी नाही.

एकाच वारेवरच्या जुळ्यांत एकाचे रक्त दुसऱ्याकडे वळले की घेणाऱ्याच्या पिशवीत पाणी वाढते, देणाऱ्याच्या पिशवीत आटते. आईचा रक्तगट आर.एच. निगेटिव्ह असून बाळाला रक्तक्षय झाल्यास, तसेच काही संसर्गांतही पाणी वाढते. मूत्रपिंडाच्या बार्टर विकारासारखे काही अप्रभावी (आई व बाप दोघांकडून दोष आला तरच उमटणारे) आनुवंशिक विकार दुर्मिळ आहेत, पण सोलापूरच्या सीमाभागात काही समाजांत मामा-भाचीचे लग्न रूढ असल्याने नात्यातल्या लग्नाची चौकशी येथे वगळू नये.

लक्षणे व धोके : सौम्य आधिक्य जाणवतही नाही. जास्त असल्यास धाप लागते, उताणे झोपवत नाही, पायांवर सूज येते. विडी वळणाऱ्या बाईला मांडीवरचे सूप सातव्या महिन्यातच पोटाला अडते आणि ती ते गुडघ्यांकडे सरकवत जाते. अशी तक्रार 'पोट मोठं, बाळ गुटगुटीत' म्हणून सोडून देऊ नये. मुदतीआधी कळा, बाळ आडवे राहणे, पाणमोट फुटताना लोंढ्याबरोबर नाळ बाहेर येणे, वार आधीच सुटणे आणि ताणलेले गर्भाशय नंतर न आवळल्याने रक्तस्राव हे मुख्य धोके होत.

उपचार : कारणावर उपचार हाच मुख्य. मधुमेहात साखर आटोक्यात आणतात, रक्तक्षयात बाळाला गर्भाशयातच रक्त देता येते. अमेरिकेतील माता-गर्भ वैद्यक संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शनानुसार, कारण न सापडलेल्या सौम्य आधिक्यात तेवढ्यासाठी ३९ आठवड्यांआधी कळा आणू नयेत. सुईने पाणी काढणे केवळ आईला असह्य त्रास किंवा धाप असेल तेव्हाच. आणि ते पुन्हा भरते. इंडोमेथासिन या औषधाने बाळाची लघवी कमी होते, पण त्याच्या हृदयाजवळची एक वाहिनी आकसण्याचा धोका असल्याने निव्वळ पाण्यासाठी ते देऊ नये, असे याच मार्गदर्शनात म्हटले आहे.

तीव्र प्रकारात बाळंतपण नवजातांवर शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी व्हावे. अक्कलकोट, मंगळवेढा, सांगोला येथून सोलापूरला यायचे तर कळांची वाट न पाहता तारीख ठरवून यावे. शासकीय योजनांत वाहतूक व बाळंतपण मोफत आहे, दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात तपासणीही होते. घरीच पाणमोट फुटून नाळ हाताला लागली तर ती आत ढकलू नये. बाईला गुडघे व छाती टेकवून कंबर उंच ठेवून न्यावे.

जन्मानंतर : बाळाच्या तोंडातून थोडी ताठ नळी पोटापर्यंत घालून पाहतात. अन्ननलिका बंद असल्यास ती ओठांपासून सुमारे १० सेंमी.वर अडते, आणि बाळाच्या तोंडाला सारखा फेस येत राहतो. मध-साखरेचे बोट चाटवण्याची किंवा घुटी देण्याची चाल अनेक घरांत आहे. तो थेंब अशा बाळाच्या फुप्फुसात उतरतो. तेव्हा ज्या बाईचे पाणी वाढलेले होते तिच्या बाळाला, ही नळी पोटात उतरल्याचे सांगितले जाईपर्यंत, आजीनेही काही चाटवू नये आणि छातीलाही लावू नये. या तपासणीला दोन-तीन मिनिटे लागतात.