नवा कोरा ट्रक, जुने मैल: ओडोमीटर शून्यावर आणण्याची पार्श्वभूमी

केबिन फ्रेमवरून उचलून खाली ठेवली, गंज कापून नवा पत्रा वेल्ड केला, इंजिन पुन्हा बांधलं, गिअरबॉक्समधली बेअरिंगं बदलली, रंगाचे हात झाले. शेवटी डॅशबोर्ड बसवताना मालकाची नजर स्पीडोमीटरच्या छोट्या खिडकीवर, म्हणजे ट्रक एकूण किती मैल चालला हे दाखवणाऱ्या ओडोमीटरवर जाते: 63,418. सगळा ट्रक नवा आणि आकडा तेवढा जुना. मीटर हातातच आहे, काच उतरवलेली आहे. पुसून शून्य करायला कितीसा वेळ लागणार?

अमेरिकेत जुने पिकअप रिस्टोअर करणाऱ्यांपुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच. मग ट्रक 1947 ते 1955 मधला शेव्हरोले असो की 1948 नंतरचा फोर्ड एफ-मालिकेतला. ‘माझा ट्रक, माझं मीटर’ हे उत्तर तिथे 1972 पर्यंत बरंचसं चालून गेलं. त्यानंतर नाही.

अंतर मोजणारं यंत्र मोटारीपेक्षा कितीतरी जुनं आहे. रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियसने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात गाडीला जोडायच्या अशा यंत्राचं वर्णन करून ठेवलंय. चाकाचा घेर साडेबारा फूट, म्हणजे 400 फेऱ्यांत 5,000 फुटांचा रोमन मैल पुरा. दातेरी चक्रांची मांडणी अशी, की मैल भरला की एक गोल खडा खालच्या भांड्यात पडावा. मुक्कामाला पोचल्यावर खडे मोजायचे. त्यातला एखादा खडा कुणी हळूच काढून घेतला तर काय, याची चिंता विट्रुव्हियसने केलेली दिसत नाही. तेव्हा गाडी किती मैल चालली यावर तिची किंमत ठरत नव्हती.

अमेरिकेतली सगळ्यात मजेदार गोष्ट 1847 सालची. मॉर्मन पंथाचे लोक बैलगाड्यांनी पश्चिमेला सॉल्ट लेकच्या खोऱ्याकडे निघाले होते. रोज किती अंतर कापलं याची नोंद विल्यम क्लेटनकडे होती आणि इतरांचे अंदाज त्याला पटत नव्हते. त्याने एका चाकाचा घेर मोजला: 14 फूट 8 इंच. त्याला 360 ने गुणलं की बरोबर 5,280 फूट, म्हणजे एक मैल. मग 8 मे रोजी चाकाला लाल फडकं बांधून तो दिवसभर गाडीशेजारी चालला आणि फेऱ्या मोजत राहिला. भरल्या 4,070, म्हणजे सव्वाअकरा मैलांच्या थोडं वर. एका दिवसात त्याची हौस फिटली असावी. काही दिवसांतच ऑर्सन प्रॅटच्या आराखड्यावरून ॲपलटन हार्मन या सुताराने लाकडी चक्रांचं यंत्र बनवून गाडीला जोडलं. त्याला ते रोडोमीटर म्हणत.

पुढचा टप्पा सायकलींचा. हार्टफर्डच्या कर्टिस व्हीडरने 1895 च्या सुमारास सायकलीच्या चाकाला लावायचा छोटासा सायक्लोमीटर काढला आणि एका सरळ ओळीत फिरणारे अंक लोकांच्या ओळखीचे झाले. मोटारी आल्या तेव्हा हेच अंक डॅशबोर्डवर, वेगाच्या काट्याखाली जाऊन बसले.

पन्नाशीच्या दशकातल्या पिकअपचं मीटर उघडलं की दोन वेगळी यंत्रं एकाच डब्यात नांदताना दिसतात. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाकडून एक लवचीक केबल येते. ती आतलं चुंबक फिरवते, चुंबकाच्या ओढीने शेजारची ॲल्युमिनियमची वाटी वळू बघते, बारीक स्प्रिंग तिला अडवते आणि त्या रस्सीखेचीत काटा वेग दाखवतो. ओडोमीटरचा या सगळ्याशी संबंध नाही. त्याच केबलवरून वर्म गिअरने (स्क्रूसारख्या आट्यांच्या गरारीने) फिरणारी ती निव्वळ दात्यांची मोजणी आहे. म्हणून काटा वेडावाकडा नाचत असला तरी मैल बरोबर मोजलेले असू शकतात.

केबलचं ठरलेलं माप बहुतेक अमेरिकी गाड्यांत मैलाला सुमारे 1,000 फेरे. मैल भरला की दशांशाच्या चाकाचा एक वेढा पूर्ण होतो, त्याचा दाता शेजारच्या चाकाला एक घर पुढे ढकलतो, आणि असंच डावीकडे चालू राहतं. त्या काळी पूर्ण मैलांना घरं पाचच असत. 99,999 नंतर पुन्हा सगळी शून्यं. तेव्हा सत्तर वर्षांच्या ट्रकवरचं 63,418 म्हणजे खरोखर तेवढेच मैल, की 1,63,418, की मधे कधीतरी मीटर बदललेलं, हे आकड्याकडे बघून सांगता येत नाही. शेतावर राबलेल्या ट्रकची केबल तर वर्षानुवर्षं तुटलेलीही असू शकते.

मीटर मागे फिरवण्याची कला याच रचनेतून जन्मली. बऱ्याच जुन्या मीटरांत केबल उलटी फिरली की अंकही उलटे जात. त्यावरून ‘ड्रिल लावून मैल उतरवायचे’ ही दंतकथा अजून टिकून आहे. हिशोब करून पाहा. 30,000 मैल उतरवायला केबलचे 3 कोटी फेरे लागणार. मिनिटाला 2,000 फेरे फिरणारं ड्रिल त्यासाठी अखंड 250 तास चालवावं लागेल. केबल त्याआधीच जळून जाईल. धंदा म्हणून हे करणारे मीटर उघडायचे, अंकांमधल्या छोट्या गराऱ्या टोकदार हत्याराने बाजूला करायचे आणि चाकं बोटाने हवी तशी फिरवायचे. घाईत केलेल्या कामाची खूण म्हणजे अंक एका ओळीत न बसणं: एखादा 7 किंचित वर, शेजारचा 2 किंचित खाली.

जुन्या गाड्यांच्या बाजारात गिऱ्हाईक दोनच गोष्टी बघतं, मॉडेल कुठल्या सालचं आणि रनिंग किती. रनिंग कमी दाखवलं की भाव चढतो. 20 ऑक्टोबर 1972 रोजी अमेरिकेत मोटार वाहनांसंबंधीचा जो केंद्रीय कायदा झाला, त्याने हे नेमकं पकडलं: खरेदीदार गाडीची अवस्था आणि किंमत ठरवताना ओडोमीटरवर विसंबतो, म्हणून त्या आकड्याला हात लावायचा नाही. मैल बदलण्याच्या हेतूने मीटर फिरवणं, त्याची जोडणी काढणं, शून्यावर आणणं, यासाठी लागणारी साधनं विकणंसुद्धा बेकायदा ठरलं. फसवण्याच्या इराद्याने हे केलं असेल तर फसलेल्याला तिप्पट नुकसानभरपाई किंवा 1,500 डॉलर, यातली मोठी रक्कम मागता येऊ लागली.

तरी कागदांवर पळवाट होतीच. मैलांचं निवेदन वेगळ्या कागदावर असे आणि तो हरवणं सोपं होतं. 1986 च्या सुधारणेने हा आकडा थेट गाडीच्या मालकीपत्रावर आणला. विकणाऱ्याने तिथे तीनपैकी एक सांगायचं: आकडा खरा आहे, आकडा मीटरच्या मर्यादेपलीकडे जाऊन पुन्हा सुरू झालाय, किंवा आकडा खरा नाही. पाच घरांच्या मीटरसाठी मधला पर्याय अगदी मापाचा आहे.

पुढच्याच वर्षी क्रायसलरचं प्रकरण उघडकीला आलं. कंपनीचे अधिकारी ओडोमीटरची जोडणी काढून नव्या गाड्या चालवायचे आणि नंतर त्या कोऱ्या म्हणून विक्रीला जायच्या. 60,000 हून अधिक गाड्यांचा मामला होता. अध्यक्ष ली आयाकोका यांनी जाहीर माफी मागितली. मीटरची लबाडी फक्त वापरलेल्या गाड्यांच्या दलालांची, हा समज तेव्हा मोडला.

रिस्टोअर केलेल्या ट्रकबाबत घोटाळा होतो तो इथे. जुन्या गाड्यांना सूट आहे, हे खरं. 2010 आणि त्याआधीच्या मॉडेलांच्या विक्रीत मैलांचं निवेदन करण्याची केंद्रीय सक्ती आता उरलेली नाही. 2011 पासूनच्या मॉडेलांना ती 20 वर्षं लागू आहे. पण सूट निवेदनापुरती आहे. आकडा फिरवण्याची मुभा त्यात कुठेच नाही. इंजिन नवं बसवलं म्हणून मैल पुसायचे, या युक्तिवादालाही कायद्यात जागा नाही, आणि माझ्या मते ते ठीकच आहे. त्याच फ्रेमवर, त्याच स्टिअरिंगला धरून झालेला प्रवास इंजिन बदलल्याने न झाल्यासारखा होत नाही.

शून्याला मात्र कायद्यात एक वाट आहे. मीटर दुरुस्त केलं किंवा बदललं, आणि पूर्वीचा आकडा त्यावर राखणं शक्यच नसेल, तर ते शून्यावरच आणायचं. मधला कुठलाही सोयीचा आकडा नाही. आणि दाराच्या डाव्या चौकटीवर लेखी सूचना चिकटवायची: आधीचे मैल किती आणि दुरुस्तीची तारीख कोणती. फसवणुकीसाठी ती काढणं हा वेगळा गुन्हा. पण सत्तर वर्षांच्या लोखंडी मीटरमध्ये आकडा राखणं बहुतेक वेळा शक्य असतं. चाकं साफ करा, अंक पुन्हा रंगवा आणि होती त्याच जागी बसवा. म्हणजे शून्याची ही वाट मोडलेल्या मीटरासाठी आहे, नव्या रंगासाठी नाही.

आकडा जपण्याइतकंच त्याच्यापुढची मोजणी बरोबर ठेवणं महत्त्वाचं, आणि तिकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. हायवेवर पळवता यावा म्हणून पुष्कळ जण मागच्या ॲक्सलचा 4.11 चा रेशो (चाकाच्या एका फेरीला शाफ्टचे किती फेरे, ते प्रमाण) काढून 3.55 चा घालतात. चाकाच्या एका फेरीला गिअरबॉक्सचा शाफ्ट आता कमी फिरतो, आणि केबल त्याच शाफ्टवरून निघते. केबलची गरारी बदलली नाही तर 100 मैल चालल्यावर मीटर 86 च दाखवतं. हात न लावता मीटर खोटं बोलू लागलं.

जुन्या डायलमागे डिजिटल यंत्र दडवलेले संचही आता मिळतात. त्यांतल्या काहींत बसवतानाच सुरुवातीचा आकडा भरता येतो, तेव्हा तिथे 63,418 टाकायला काही अडचण नाही. नव्या इंजिनाचं तेल कधी बदलायचं याचा हिशोब ट्रिप मीटरवर किंवा साध्या वहीत राहतो. काही जण जुनं मीटर होतं तसं, त्याच आकड्यावर थांबलेलं, फडक्यात गुंडाळून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवतात. दाराची चौकट पुन्हा कधी घासून रंगवली गेली आणि तिच्यावरचा कागद गेला, तरी 63,418 दाखवणारी ती खिडकी ट्रकमध्येच असते.