स्थानिक खाद्य व औषधी वनस्पतींच्या बागेचे नियोजन

एखाद्या प्रदेशात मुळातच वाढत आलेल्या, खाण्याजोग्या किंवा औषधी वनस्पतींची बाग आखण्याची पद्धत. वनस्पतीचे स्थानिकपण देशाच्या सीमेवरून नव्हे, तर पाऊस, माती आणि उंची यांवरून ठरते, किनाऱ्यावरची वनस्पती त्याच देशातल्या डोंगरमाथ्यावर परकीच असते.

काय लावायचे याआधी वनस्पतीचा कोणता भाग काढून घ्यायचा, हे ठरवावे. बागेचा सगळा हिशेब त्यावर बसतो. अडुळशाची पाने खुडली तर नवे फुटवे येतात, फळे तोडली तरी झाड उभे राहते. पण मूळ उपटले की बहुतेक रोपे संपतात आणि खोडाभोवतीची साल पूर्ण सोलली तर झाड मरते. अमेरिकन जिनसेंग ही औषधी मुळाची वनस्पती गर्द सावलीत वाढते आणि त्याचे मूळ काढण्याजोगे व्हायला पाच-सहा वर्षे सहज लागतात. दरवर्षी थोडे मूळ हवे असेल तर दरवर्षी नवा वाफा लावावा लागतो. जंगलातले जिनसेंग इतके उपसले गेले, की १९७५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइट्स’ या धोक्यातील वन्य जीव-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचे नियंत्रण आहे. जंगलातून रोपे उपटून आणलेली बाग स्थानिक वनस्पतींना वाचवत नाही, उलट ओरबाडते. बी गोळा करावे किंवा रोपवाटिकेत वाढवलेली रोपे घ्यावीत.

जागेचे ऊन, सावली आणि पाणी साचण्याच्या जागा शक्यतो वर्षभर पाहाव्यात. उंच झाड, लहान झाड, झुडूप, वेल आणि जमिनीलगतची रोपे असे जंगलासारखे थर लावले तर थोड्या जागेत बरेच मावते. इंग्लंडमधील श्रॉपशायर येथे रॉबर्ट हार्ट यांनी असे सात थर मांडून ‘वनबाग’ ही कल्पना लोकप्रिय केली. शेजार मात्र जपून निवडावा: काळ्या अक्रोडाच्या मुळांतून पाझरणारे जुग्लोन हे रसायन टोमॅटोला मारते. जायफळासारख्या झाडांत नर आणि मादी वेगळे असतात. एकटे मादी झाड फळ धरत नाही. जुन्या रंगाच्या भिंतींजवळ आणि रहदारीच्या रस्त्यालगत मातीत शिसे असू शकते. तिथे खाण्याची पाने लावण्यापूर्वी माती तपासून घ्यावी.

ओळखीत चूक परवडत नाही. इटलीतील पादुआ विद्यापीठाची १५४५ मधील बाग विद्यार्थ्यांना खरी औषधी वनस्पती आणि तिच्यासारखी दिसणारी भलतीच, यांतला फरक कळावा म्हणूनच उभारली गेली. केवळ बोलीतल्या नावावर विसंबता येत नाही: ‘ब्राह्मी’ म्हणून कोणी बाकोपा मोनिएरी देतो, तर कोणी सेंटेला एशियाटिका. पाटीवर शास्त्रीय नाव हवेच. रानगाजर आणि विषारी हेमलॉक यांची कोवळी रोपे तर इतकी सारखी दिसतात, की जाणकाराने ओळख पक्की करेपर्यंत त्या वाफ्यातले पानही तोंडात घालू नये.