दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या वागण्याची, विकासाची तपासणी: सोलापुरात कुठे, कशी, कोणते कागद

बाळ हाकेला वळत नाही. बोट दाखवून काही मागत नाही. लूमची रिकामी कांडी हातात घेऊन तासभर फिरवत बसतं. घरचे म्हणतात, "याचा बापही उशिराच बोलला होता." अंगणवाडीत हे वाक्य ऐकलं की माझा जीव तुटतो, कारण तपासणी फुकट आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याचं फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. त्यात डॉक्टर, नर्स आणि औषधनिर्माता असतात. जन्मजात व्यंग, आजार आणि कमतरता यांच्याबरोबर विकासातला विलंबही ते बघतात. स्वमग्नता (ऑटिझम), बोलण्यातला उशीर आणि वर्तनाच्या अडचणी त्यातच येतात. उत्पन्नाची अट नाही. मूल अंगणवाडीत जात नसेल, तर पथकाची वाट न बघता सिव्हिलच्या बालरोग ओपीडीत केसपेपर काढा.

कधी जायचं? वर्षाचं झालं तरी नावाला प्रतिसाद नाही, दीड वर्षात बोट दाखवणं नाही, दोन वर्षांत दोन शब्द जोडून बोलणं नाही, तर लगेच. येत असलेले शब्द गेले, तर वय बघूच नका. या वयात हट्ट, आदळआपट सगळीच मुलं करतात. पण रोज स्वतःचं डोकं आपटणं, कुणाकडूनही शांत न होणं किंवा आईकडेही न झेपावणं, हे डॉक्टरांना सांगायलाच हवं.

स्वमग्नतेसाठी 'एम-चॅट' ही प्रश्नावली १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहे. हो-नाही उत्तरांचे २० प्रश्न. गुण ३ ते ७ आले, तर त्याच प्रश्नांवर पुन्हा खोलात विचारतात. ८ किंवा जास्त आले, तर थेट तज्ज्ञांकडे. हे निदान नव्हे. ऐकू कमी येणारं मूलही हाकेला वळत नाही, म्हणून कानांची तपासणी आधी करून घ्या.

आपल्या सोलापुरात एक गोष्ट फार महत्त्वाची. शहराच्या पूर्वभागात घरात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड आणि अंगणवाडीत मराठी. मूल आमच्यासमोर गप्प बसलं, म्हणून त्याला बोलता येत नाही असं होत नाही. घरच्या भाषेतले शब्दही मोजायचे असतात, ते सांगा. आई दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळत असेल आणि मूल आजीजवळ असेल, तर आजीला सोबत आणा. खरी उत्तरं तिच्याकडे असतात. मूल खेळताना, चिडताना मोबाईलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा. पथकासमोर मूल बुजतं, व्हिडिओत बुजत नाही.

सोबत घ्यायचे कागद: माता-बाल संरक्षण कार्ड, जन्मदाखला, मुलाचं आणि पालकाचं आधार, प्रसूतीचं डिस्चार्ज कार्ड, जुने रिपोर्ट. एखादा कागद नाही म्हणून तपासणी पुढे ढकलू नका.

पथकाला शंका आली, तर संदर्भ चिठ्ठी मिळते. ती जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रासाठी असते. तिथे पूर्ण मूल्यमापन आणि थेरपीची दिशा ठरते. चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा, पुढची तारीख कार्डावर लिहून घ्या. पहिल्या भेटीनंतरच बरीच कुटुंबं गळतात.

निदान पक्कं झालं आणि दिव्यांग प्रमाणपत्र हवं असेल, तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा. त्याला फोटो, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. दिव्यांगांच्या बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून लागू होतात. स्वमग्न मुलांसाठी 'निरामय' आरोग्य विमाही आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. पण थेरपीला प्रमाणपत्राची वाट बघायची नाही, ती चिठ्ठी हातात आल्यापासून सुरू करायची.