लिनक्सचा पडाव: बूट इमेज तयार होताना नेमकं काय अडतं?

मालवण-वेंगुर्ल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना मुंबईहून येणारी बोट अजून आठवते. ही बोट थेट किनाऱ्याला लागत नसे. तेवढं खोल पाणीच नसायचं. ती लांब नांगर टाकून उभी राही आणि उतारू, ट्रंका, वळकट्या सगळं पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरवलं जाई. पडाव किनाऱ्याला टेकला, माणसं उतरली, की त्याचं काम संपलं. लिनक्स ही संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होताना असाच एक पडाव लागतो. इन्स्टॉल करताना तो तयार झाला नाही, किंवा चुकीचा तयार झाला, तर लोक घाबरून अख्खी डिस्क पुसतात आणि पहिल्यापासून सुरुवात करतात. बहुतेक वेळा त्याची काहीच गरज नसते, म्हणून हा लेख.

संगणक चालू केला की आधी ग्रबसारखा बूटलोडर जागा होतो. तो डिस्क वाचतो ती मदरबोर्डवरच्या बायोस या मूळ प्रोग्रॅमच्या मदतीने. तो कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, उचलून मेमरीत ठेवतो आणि बाजूला होतो. कर्नल मात्र बायोसवर विसंबत नाही. त्याला डिस्कशी बोलायला स्वतःचा ड्रायव्हर लागतो, आणि तो ड्रायव्हर असतो त्याच डिस्कवर. किल्ली आत ठेवून कपाट लावून घ्यावं, तशी ही अडचण.

१९९१ साली लिनस टॉरव्हाल्ड्सने लिनक्स जाहीर केलं तेव्हा लागणारे ड्रायव्हर कर्नलमध्येच घालून भागत असे. आज डेबियनसारख्या लिनक्सच्या प्रकाराबरोबर हजारो मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचे सुटे तुकडे, येतात. सगळी कर्नलमध्ये कोंबली तर तो अवजड होईल. म्हणून कर्नलच्या सोबतीला एक छोटं गाठोडं दिलं जातं: इनिट्रॅमएफएस, म्हणजेच बूट इमेज. २००३ साली आलेल्या २.६ कर्नलपासून ही पद्धत रूढ झाली. हे गाठोडं म्हणजे सत्तरच्या दशकातल्या युनिक्सच्या सीपीआयओ नावाच्या पद्धतीने बांधलेल्या आणि दाबून लहान केलेल्या फाइली. बूटलोडर ते कर्नलच्या शेजारी मेमरीत ठेवतो, कर्नल ते तिथेच उलगडतो. त्यात काही ड्रायव्हर, थोडी अवजारं आणि ‘इनिट’ नावाची एक स्क्रिप्ट असते. स्क्रिप्ट डिस्क शोधते, जोडते, खऱ्या सिस्टिमकडे सूत्रं देते, आणि गाठोड्याने अडवलेली मेमरी मोकळी होते. पडाव रिकामा झाला.

आता खरी मेख. कर्नल आपल्याला तयार मिळतो, सगळ्यांना एकच. हे गाठोडं मात्र इन्स्टॉल करताना आपल्याच मशिनवर बांधलं जातं. डेबियन-उबुंटूत हे काम ‘अपडेट-इनिट्रॅमएफएस’ करतं, फेडोरात ‘ड्रॅकट’, आर्चमध्ये ‘एमकेइनिटसीपीआयओ’. तुमच्या डिस्कवर किती जागा आहे, बांधताना मशिनला काय दिसतंय, यावर त्याचं रूप ठरतं. म्हणूनच एकाच पेनड्राइव्हवरून एकाकडे सरळ इन्स्टॉल होतं आणि दुसऱ्याकडे अडतं.

गेल्या पावसाळ्यात मी आमच्या गावातल्या वाचनालयाच्या जुन्या संगणकावर डेबियन १२ घालायला घेतलं. वाऱ्यापावसाने तिकडची वीज सारखी जात होती. म्हणून त्याची एसएसडी डिस्क काढून घरी आणली, यूएसबी केबलने माझ्या लॅपटॉपला जोडली आणि इन्व्हर्टरच्या भरवशावर इन्स्टॉल सुरू केलं. जुनं बूट विभाजन (डिस्कवर कर्नल आणि गाठोडं राहतं तो भाग) पुसलं नाही, तसंच वापरलं. अर्ध्यावर लाल पडदा आला: पायरी अयशस्वी. पडदा एवढंच सांगतो. कारण असतं लॉगमध्ये, म्हणजे इन्स्टॉलरच्या नोंदींत, आणि डेबियनच्या साध्या अक्षरी इन्स्टॉलरमध्ये आल्ट आणि एफ४ दाबलं की तो समोर येतो. तो खालून वर वाचायचा. शेवटच्या ओळींत नुसती आरडाओरड असते, पहिली तक्रार शोधायची. ती होती: ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. आल्ट-एफ२ ने शेल (आज्ञा टाइप करायची जागा) उघडून डिस्कवरची जागा दाखवणारं ‘डीएफ’ चालवलं तर बूट विभाजन शंभर टक्के भरलेलं. आधीच्या सिस्टिमचे तीन कर्नल आणि त्यांची गाठोडी तिथेच पडून होती. ‘वॉर्निंग: पॉसिबल मिसिंग फर्मवेअर’ अशाही ओळी होत्या. त्या वाचून बरेच जण भलतीकडेच शोध घेत बसतात. ती फक्त सूचना असते. एखाद्या ड्रायव्हरची पूरक फाइल सापडली नाही एवढंच, आणि बऱ्याचदा ते हार्डवेअर आपल्याकडे नसतंही.

जुने कर्नल काढून टाकायला हवे होते. मी ते न करता इन्स्टॉलरच्या तज्ज्ञ पद्धतीत एक प्रश्न येतो तिथे वेगळं उत्तर निवडलं. गाठोड्यात सगळे ड्रायव्हर घालू, की फक्त या मशिनला लागणारे? दुसरा पर्याय निवडला. गाठोडं लहान झालं, जागेत बसलं, इन्स्टॉल पूर्ण झालं.

दुसऱ्या दिवशी एसएसडी वाचनालयात नेऊन बसवली. ग्रब आला, कर्नल आला, आणि मग काळ्या पडद्यावर: ‘अलर्ट! यूयूआयडी... डज नॉट एग्झिस्ट. ड्रॉपिंग टू अ शेल!’ म्हणजे या ओळखक्रमांकाचं विभाजन सापडत नाही. खाली नुसतं ‘इनिट्रॅमएफएस’ आणि लुकलुकणारा कर्सर. डिस्क तर समोर बसवलेली. पण सापडलेली विभाजनं दाखवणारी ‘ब्लॉकआयडी’ ही आज्ञा दिली तर एकही ओळ नाही. कर्नलच्या लेखी त्या मशिनला डिस्कच नव्हती.

कारण हातात होतं. गाठोडं बांधलं गेलं तेव्हा एसएसडी यूएसबीवर होती. बांधणारी स्क्रिप्ट ‘सिस’ नावाच्या फोल्डरमध्ये डोकावून बघते, की मूळ डिस्कपर्यंत कोणत्या कोणत्या कंट्रोलरमधून वाट जाते, आणि तेवढेच ड्रायव्हर उचलते. तिने यूएसबीचे उचलले. वाचनालयात डिस्क साटा पोर्टवर, म्हणजे संगणकाच्या आतल्या जोडणीवर, होती, तिला लागणारा एएचसीआय ड्रायव्हर गाठोड्यात नव्हता. स्क्रिप्टची यात काही चूक नाही. तिला जे दाखवलं तेच तिने बांधलं.

इथे पुन्हा इन्स्टॉल करायचा मोह होतो. आमच्याकडे मोबाइलची रेंज सड्यावर गेल्याशिवाय धड मिळत नाही, पुन्हा सगळी पॅकेजेस उतरवणं म्हणजे अख्खा दिवस. आणि डिस्कवरची सिस्टिम तर धडधाकट होती. म्हणून वाचनालयाच्याच मशिनवर इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह लावून ‘रेस्क्यू मोड’ निवडला. तो डिस्कवरचं मूळ विभाजन विचारतो आणि त्याच सिस्टिमच्या आत शेल उघडून देतो. साध्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून हे करायचं तर ‘सीएचरूट’ करण्याआधी (म्हणजे डिस्कवरच्या सिस्टिममध्ये शिरण्याआधी) डेव्ह, प्रॉक आणि सिस ही तीन फोल्डरं हाताने जोडावी लागतात, नाहीतर स्क्रिप्टला मशिन दिसतच नाही. बूट विभाजन जोडलेलं आहे ना, हेही बघायचं. नसेल तर नवं गाठोडं भलत्याच जागी जाऊन पडतं आणि काहीच बदलत नाही.

आधी जुने कर्नल काढून जागा केली. मग इनिट्रॅमएफएस-टूल्सच्या मुख्य फाइलमध्ये बघितलं तर ‘मॉड्यूल्स’ समोर ‘मोस्ट’च लिहिलेलं, म्हणजे बहुतेक सगळे ड्रायव्हर. मी चक्रावलो. उलगडा झाला तो शेजारच्या कॉन्फ.डी फोल्डरमध्ये: तिथे इन्स्टॉलरने ‘ड्रायव्हर-पॉलिसी’ नावाची फाइल ठेवली होती आणि तिच्यात ‘डेप’ होतं, म्हणजे फक्त लागणारे ड्रायव्हर. या फोल्डरमधलं लिहिलेलं मुख्य फाइलवर मात करतं. तिथे ‘मोस्ट’ केलं, ‘अपडेट-इनिट्रॅमएफएस’ चालवलं. बंद करण्याआधी ‘एलएसइनिट्रॅमएफएस’ने गाठोड्याची यादी काढून त्यात ‘एएचसीआय’ शोधलं. ओळ दिसली.

पेनड्राइव्ह काढला, संगणक पुन्हा चालू केला. बाहेर पावसाची सर सुरूच होती. काही सेकंदांत लॉगिनचा पडदा आला आणि ग्रंथपाल काकूंनी पुस्तकांची नोंदवही उघडून समोर ठेवली.