कॅथेटर काढल्यावर दहादा लघवी: चुरचुर की तुंबलेलं मूत्राशय?

“सिस्टर, बाबांना छान लघवी होतेय, सकाळपासून दहा वेळा!” लघवीची नळी (कॅथेटर) काढल्याच्या दिवशी मुलगा असं खुशीत सांगायला आला की मी आधी युरिन पॉट बघते. दहा वेळा ठीक आहे, पण दर वेळी किती?

यात दोन गोष्टी असू शकतात, आणि वरून दोन्ही सारख्याच दिसतात. पहिली साधी. नळीमुळे मूत्रमार्ग चुरचुरलेला असतो, जरा साठलं की घाई होते, आग होते. पण मूत्राशय रिकामं होतं. एक-दोन दिवसांत हे निवतं. ताप आला किंवा आग वाढतच गेली, तर जंतुसंसर्ग तपासायचा.

दुसरी फसवी. मूत्राशय काठोकाठ भरलेलं असतं आणि फक्त वरचं ओसंडून बाहेर येतं. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात एरवी ४०० ते ५०० मिली मावते. इथे त्याहून जास्त साठलेली, आणि पॉटमध्ये जेमतेम ३०-४० मिली. ओटीपोट तट्ट फुगतं, पेशंट तळमळतो. पण पाठीत भूल दिलेल्याला किंवा मधुमेहानं नसा कमजोर झालेल्याला ते कळतच नाही, म्हणून “दुखत नाही ना, मग झालं” यावर मी जात नाही. प्रोस्टेट वाढलेले आजोबा, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामक औषधं, चार दिवस पोट साफ नाही, असं काही असलं की जास्तच लक्ष ठेवते.

फरक कळतो तो लघवी करून आल्या आल्या केलेल्या मूत्राशयाच्या स्कॅननं (सोनोग्राफीसारखं यंत्र, आत किती लघवी उरली ते दाखवतं). ५० मिलीच्या आत उरली, तर चुरचुर. ३००-४०० उरली, तर तुंबलेली. मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून नळी घालून रिकामं करावं लागतं, कारण फार ताणलेला मूत्राशयाचा स्नायू ढिला पडतो.

“भरपूर पाणी पाजा” हा सल्लाही इथेच फसतो. चुरचुर असेल तर पाण्यानं लघवी पातळ होते, आग कमी होते. तुंबलेल्याला तांब्यावर तांब्या पाजणं म्हणजे तोटी बंद असलेल्या टाकीत पंप चालू ठेवणं. त्यापेक्षा उठवून बसवा, पडदा ओढा. पडल्या पडल्या पॉटमध्ये होत नाही, अशी कितीतरी माणसं असतात.

(काढण्याआधी नळीला क्लॅम्प (चिमटा) लावून, ती अधूनमधून बंद ठेवून मूत्राशयाला ‘सवय’ करण्याची पद्धत अजून दिसते. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेनं २००९ सालीच त्याची गरज नाही असं सांगितलंय.)

त्या बाबांचा स्कॅन ६२० मिली आला. मुलाच्या वहीत दहा टिका होत्या. मी शेजारी एक रकाना आखून दिला: मिली.