एकाच वाळूतून निघतं, मग सिरियम स्वस्त आणि निओडिमियम इतकं महाग का?

काच पॉलिशवाले असोत की सिरॅमिकवर ग्लेझ (चकाकीचा थर) देणारे, रेट विचारला की पुढचा प्रश्न हाच येतो, म्हणून एकदा सविस्तर लिहितोय.

केरळातलं चवरा, तामिळनाडूतलं मनवलाकुरिची, ओडिशातलं छत्रपूर इथल्या किनाऱ्याच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट, झिरकॉन, गार्नेटसोबत मोनाझाइट हे खनिज असतं, सिरियम-निओडिमियम त्यातूनच निघतं. त्यात किरणोत्सारी थोरियम असल्याने अणुऊर्जा खात्याच्या परवान्याशिवाय कुणाला हात लावता येत नाही, प्रक्रिया आयआरईएल ही सरकारी कंपनी करते. मोनाझाइट बारीक दळून गरम कॉस्टिक सोड्यात शिजवतात, फॉस्फेट निघून जातं, मग उरलेल्या गाळावर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड बेताबेताने सोडलं की रेअर अर्थ (म्हणजे सिरियम, निओडिमियम आणि त्यांच्या गटातली मूलद्रव्यं) विरघळतात आणि थोरियम गाळातच राहतं.

खरी मेहनत इथून पुढे आहे! लँथनम, प्रासिओडिमियम, निओडिमियम सगळे त्या एकाच द्रावणात, गुणधर्म जवळपास सारखे, अणूच्या आकारात किंचित फरक. केरोसीनमध्ये फॉस्फरसवालं एक ऑरगॅनिक रसायन मिसळून ते या द्रावणासोबत घुसळतात आणि थर वेगळे होऊ देतात, जड मूलद्रव्य केरोसीनकडे जरा जास्त जातं, पण एका फेरीत फरक इतका थोडा पडतो की मिक्सर-सेटलरच्या (घुसळून थर वेगळे करणाऱ्या) टाक्यांची लांबच लांब रांग लावावी लागते. प्रासिओडिमियम-निओडिमियमची जोडी तर 1841 मध्ये स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ मोसांडरने एकच मूलद्रव्य समजून त्याला डिडिमियम नाव दिलं, ती फुटली 1885 मध्ये, ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ आउअर फॉन वेल्सबाखच्या हातून. म्हणजे तुम्ही निओडिमियमचे जे पैसे देता ते बरेचसे या वेगळं करण्याचे असतात.

सिरियमचं तसं नाही. त्याचं ऑक्सिडेशन होऊन तो 3 वरून 4 व्हॅलन्सीला जातो आणि मग सौम्य अ‍ॅसिडमध्ये बाकीचे विरघळतात, हा मागे राहतो. शिवाय मोनाझाइटच्या रेअर अर्थमध्ये जवळजवळ निम्मा भाग सिरियमचाच, त्यामुळे मॅग्नेटसाठी निओडिमियम काढायचं म्हटलं की सिरियम ढिगाने येतोच.

आता तुमच्या कामाचं. काच पॉलिशची सिरियम ऑक्साइड पावडर लालसर-तपकिरी दिसली तर ती भेसळ समजू नका, थोडं प्रासिओडिमियम राहिलं की तसा रंग येतो आणि काच तरीही छान चमकते. पॉलिशला 99.9 टक्क्यांच्या मालावर जास्त पैसे घालवू नका असं आम्ही स्पष्टच सांगतो, तिथे दाण्याचा साइज महत्त्वाचा. ग्लेझ किंवा रंगीत काचेसाठी मात्र शुद्धता बघाच, नाहीतर शेड बदलते. ऑर्डर देताना काम काय आहे तेवढं सांगा आणि कोरडी पावडर हाताळताना मास्क लावा.